गल्ला मोठा की खर्च कमी? कॉमिक्सवरचा सिनेमा निवडताना

कॉमिक्सवरचा नवा सिनेमा आला की यूट्यूबवाले 'इतके कोटी कमावले' म्हणून आकडा फेकतात, आणि त्यावर आपल्या तालुक्यातली पोरं अमरावती-यवतमाळची वारी ठरवतात. पन्नास क्विंटल कापूस झाला म्हणणाऱ्याला आपण लगेच विचारतो, एकर किती होते अन् वेचाईत किती गेले? सिनेमाला मात्र ते कोणी विचारत नाही.

'जस्टिस लीग' (२०१७) आणि 'जोकर' (२०१९) शेजारी ठेवून बघा. दोन्ही डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाच्या पात्रांवरचे. 'जस्टिस लीग'नं जगभरात ६५ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. ऐकायला भारी वाटतं. पण बनवायलाच ३० कोटी डॉलरच्या आसपास गेले. दिग्दर्शक मध्येच बदलला, बराच भाग पुन्हा चित्रित करावा लागला. जाहिरातीचा खर्च वेगळा. त्यात तिकिटाचा पैसा सगळा निर्मात्याकडे जात नाही; ढोबळमानानं निम्मा थिएटरवाल्याकडे राहतो. चीनमध्ये तर परदेशी सिनेमाच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा येतो. म्हणून धंद्यातली माणसं निर्मितीखर्चाच्या अडीच पट गल्ला झाला तर पैसे वसूल, असा अंदाज धरतात. त्या हिशोबानं 'जस्टिस लीग'ला ७५ कोटी हवे होते. तिथवर तो पोचलाच नाही.

'जोकर'ला खर्च ६-७ कोटी डॉलर. चीनमध्ये लागला नाही, तरी गल्ला १०० कोटींच्या पार. मग २०२४ मध्ये दुसरा भाग आला. दिग्दर्शक तोच, नट तोच. खर्च वीस कोटींच्या घरात नेला आणि गल्लाही वीस कोटींच्याच घरात अडकला. (आपला 'सैराट' सुमारे ४ कोटी रुपयांत बनून शंभर कोटींच्या पुढं गेला होता, तेव्हा हे गणित काही अमेरिकेपुरतं नाही.)

निर्मात्याच्या वहीत 'जोकर' जिंकला, यात वादच नाही. पण तुम्हाला ठरवायचं आहे ते वेगळंच: एसटीचं भाडं घालून जायचं, की घरी मोबाइलवर बघायचं? इथं माझं मत उलटं आहे. पैसा बुडवलेला महागडा सिनेमा थिएटरात बघा, आणि स्वस्तातला हिट घरी.

'जोकर'चं सगळं भांडवल जोकर झालेल्या वाकीन फिनिक्स या नटाच्या चेहऱ्यात आहे. पहिल्या खुनांनंतर तो धावत एका सार्वजनिक शौचालयात शिरतो, दार लावतो आणि चेलोच्या (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) सुरावर हळूहळू नाचायला लागतो. उड्या नाहीत, स्फोट नाहीत. कानात इअरफोन घालून सहा इंची पडद्यावरही अंगावर येतो तो प्रसंग. शिवाय या कामात आवाजाचा वाटा मोठा आहे, आणि तालुक्याच्या थिएटरात इंग्रजी सिनेमा बहुतेक हिंदी डबिंगमध्येच लागतो. घरी मूळ आवाज ठेवून खाली सबटायटल लावता येतात. आपल्याकडं 'जोकर'ला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे शाळकरी पोरांना थिएटरात प्रवेश नाही. घरीही त्यांच्यासमोर लावू नका.

'जस्टिस लीग'चं उलट आहे. समुद्राच्या तळाची मारामारी, विजेच्या वेगानं पळणाऱ्या फ्लॅशची धाव, बॅटमॅनची वाहनं, हे मोबाइलवर नुसतं गिचमिड दिसतं. कथा अशीही पातळच, डबिंगनं तिचं फार बिघडत नाही. वेताळाचं इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या आजोबांनाही नातवासोबत बसून मजा येईल. मी याला चांगला सिनेमा म्हणणार नाही, पण पडदा मोठा असेल तर दोन तास बरे जातात.

आता हे दोन्ही थिएटरातून कधीच उतरले. पुढच्यासाठी हीच फूटपट्टी लावा. ट्रेलरमध्ये पैसा देखाव्यावर दिसला तर जा, माणसांवर दिसला तर थांबा. जायचंच ठरलं तर दुपारचा खेळ धरा, कारण रात्रीचा सुटेपर्यंत गावची शेवटची एसटी निघून गेलेली असते. बायामाणसांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तेव्हा घरची मंडळी सोबत घेतली तरी फार जड जात नाही. 'जोकर'चा दुसरा भाग मात्र गाण्यांनी भरलेला आहे; गाण्यांची फारच हौस असेल तरच बघा, आणि तोही घरीच.