हरलेल्या हंगामाचा दोष कोणाच्या खात्यात? सोलापुरातील एका फुटबॉल प्रशिक्षण केंद्राविषयी

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षण केंद्रात माझा मुलगा गेली दोन वर्षे जातो. पुढे ज्या मुलांचा उल्लेख येईल ती ओळखू येऊ नयेत, म्हणून केंद्राचे नाव मी देत नाही. सरत्या हंगामात केंद्राचा 13 वर्षांखालील संघ 12 सामने खेळला. त्यांपैकी 2 जिंकला, 2 बरोबरीत सुटले आणि 8 हरला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपता आटोपता 21 पालकांनी सह्या करून व्यवस्थापनाला पत्र दिले की, प्रशिक्षकांना काढून टाकावे. त्या पत्रावर माझी सही नाही. ती का नाही, आणि तरीही प्रशिक्षकांना मी पूर्णपणे निर्दोष का मानत नाही, हे मांडल्याशिवाय या केंद्राचे परीक्षण पूर्ण होणार नाही; कारण नव्या वर्षासाठी मुलाचे नाव घालू पाहणारे पालक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, की तिथले सर कसे आहेत.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहते. हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून मी एका वहीत नोंद ठेवली: गोल कितव्या मिनिटाला झाला, चेंडू कोणत्या बाजूने आला, त्या वेळी मैदानावर कोणकोण होते. आमच्यावर एकूण 31 गोल झाले. त्यांतले 14 शेवटच्या पंधरा मिनिटांत झाले आणि 8 कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून झाले. पहिल्या सहा सामन्यांत 22 गोल खाल्ले, नंतरच्या सहांत 9. पालकांच्या पत्रात यांपैकी एकही आकडा नव्हता. 'मुलांत जिद्द दिसत नाही', 'सर नुसते हाताची घडी घालून उभे असतात' अशी वाक्ये मात्र होती. ज्याची नोकरी जावी असे आपण लिहून देतो, त्याच्या कामाकडे निदान एवढ्या बारकाईने पाहणे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

शेवटच्या पंधरा मिनिटांपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त नुकसान तेथे झाले. आमचे बरेचसे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास झाले. सोलापूरचे ऑक्टोबरचे ऊन येथे राहणाऱ्याला सांगायला नको. अशा उन्हात मोठ्या मैदानावर धावणारी बारा-तेरा वर्षांची मुले चाळिसाव्या मिनिटाला थकणारच, आणि त्यासाठीच बदली खेळाडू असतात. आमच्या वयोगटात 18 मुले होती. परंतु स्पर्धेचे वेगळे शुल्क भरलेल्या मुलांनाच न्यायचे, असा केंद्राचा नियम असल्यामुळे प्रत्यक्षात 13 मुले जात. म्हणजे बाकावर दोघेच उरत. हा नियम प्रशिक्षकांनी केलेला नाही, उलट त्यांनी त्याला विरोध केल्याचे मला ठाऊक आहे. तथापि, जे दोघे बाकावर होते त्यांनाही सर बहुतेक वेळा शेवटची पाच मिनिटे उरल्यावर आत सोडत, तोपर्यंत दोन गोल होऊन गेलेले असत. त्यामुळे या 14 गोलांचा मोठा भाग मी व्यवस्थापनाच्या खात्यात टाकते. पण सगळा नाही.

कॉर्नरवरच्या 8 गोलांबाबत मात्र मी सरांना सूट देऊ शकत नाही. त्यांपैकी 6 गोल एकाच पद्धतीने झाले: चेंडू गोलाच्या जवळच्या खांबावरून पुढे गेला आणि दूरच्या खांबापाशी मोकळ्या उभ्या असलेल्या मुलाने तो आत ढकलला. आमच्या मुलांना प्रत्येकाची जागा आखून दिलेली होती, त्यांतल्या पाच जागा जवळच्या खांबाच्या आसपास होत्या, आणि समोरच्या संघाचा कोणता मुलगा कोणी धरायचा हे कोणालाच सांगितलेले नव्हते. मोठ्या संघांत जागा राखण्याची पद्धत यशस्वी होते, कारण तेथील गोलरक्षक पुढे येऊन उंच चेंडू पकडू शकतो. आमचा गोलरक्षक पाच फूटही उंच नाही, आणि तो ज्या गोलात उभा राहतो तो मोठ्यांच्या मापाचा, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. ही अडचण तिसऱ्या सामन्यातच दिसली होती. तरी कॉर्नरचा स्वतंत्र सराव पहिल्यांदा घेतला गेला तो डिसेंबरात. मैदानाचा अर्धा भाग क्रिकेटच्या तुकडीकडे असतो, हे कारण सरांनी दिले. पण कॉर्नरच्या सरावाला एक गोल आणि मैदानाचा एक कोपरा लागतो, आणि तेवढी जागा आमच्याकडे रोज होती. डिसेंबरानंतर कॉर्नरवरून एकच गोल झाला. म्हणजे उपाय सरांना माहीत होता, त्यांनी तो उशिरा केला, आणि त्या उशिराची जबाबदारी त्यांचीच आहे.

याहून गंभीर गोष्ट पाचव्या सामन्यानंतर घडली. तो सामना 1-4 असा हरल्यावर सरांनी सगळ्या मुलांसमोर गोलरक्षकाला सांगितले की, तुझ्यामुळे हरलो. त्यानंतर तो मुलगा तीन आठवडे मैदानावर आला नाही. माझ्या वहीप्रमाणे त्या चार गोलांपैकी दोन दूरच्या खांबावरचे होते, म्हणजे ज्या चुकीचे मूळ सरांच्या आखणीत होते, ती त्यांनी बारा वर्षांच्या मुलाच्या माथी मारली. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाची चूक सर्वांना दिसते, कारण तिच्यापुढे फक्त जाळी असते. तिच्याआधीच्या तीन चुका पाहायला जाणकार लागतो, आणि तो जाणकार म्हणूनच आपण प्रशिक्षकाला शुल्क देतो. सर नंतर स्वतः त्या मुलाच्या घरी गेले, आईवडिलांसमोर त्यांनी चूक कबूल केली आणि मुलाला परत आणले. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवशी टिकला. तरी ती घटना मी गाळू शकत नाही.

आता दुसरी बाजू, जी पत्रात अजिबात आली नाही. जून महिन्यात ही मुले सलग तीन पास देऊ शकत नव्हती. चेंडू मिळाला की जोरात पुढे मारायचा, एवढेच त्यांना येत होते. जानेवारीतल्या शेवटच्या दोन सामन्यांत गोलरक्षकाने हाताने सोडलेला चेंडू बचावफळीतून मधल्या फळीकडे आणि तेथून डाव्या बगलेकडे जाताना मी पाहिला. माझा मुलगा उजव्या बाजूला बचावात खेळतो. त्याला डावा पाय फक्त उभे राहायला उपयोगी पडत असे, आता तो त्या पायाने चेंडू अडवतो आणि वळवतो. आपल्याकडच्या मैदानावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एकाच वेळी ऐकू येतात, आणि घाईच्या क्षणी प्रत्येक मूल आपल्या घरच्या भाषेत ओरडते. सरांनी पहिल्याच महिन्यात पाच शब्द ठरवून दिले: 'मागे', 'वेळ', 'सोड', 'माझा', 'वळ'. मैदानावर फक्त हेच बोलायचे. ही कल्पना कोणत्या अभ्यासक्रमातली आहे की त्यांची स्वतःची, हे मी विचारले नाही, पण दोन बचावपटू एकाच चेंडूवर धावून जाण्याचे प्रकार तिच्यामुळे थांबले.

शिवाय सरांनी प्रत्येक मुलाला खेळवले. बारा सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत एकदाही न आलेला असा एकही मुलगा संघात नव्हता. एका पालकाने वयाने मोठा, उंच मुलगा दोन सामन्यांपुरता आणून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा सरांनी स्पष्ट नकार दिला. या दोन्ही गोष्टींमुळे आम्ही काही सामने हरलो असू. तेराव्या वर्षापर्यंत मुलाला खेळायला मिळणे हे जिंकण्यापेक्षा मोठे आहे असे मी मानते, आणि ज्या पालकांनी सप्टेंबरात 'आमच्या मुलालाही संधी द्या' म्हणून आग्रह धरला, त्यांनीच जानेवारीत पराभवांची यादी पुढे करावी, याचे मला दुःख झाले.

कोल्हापूरच्या स्पर्धेतील 0-6 हा पराभव पत्रात ठळकपणे होता. मंगळवेढा, सांगोला, मिरज असा सव्वादोनशे किलोमीटरांचा प्रवास करून मुले सकाळी पोहोचली आणि दुपारी खेळली. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना गर्दी लोटते, आणि 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. तेथील मूल गल्लीत मोठ्यांच्या पायांतून चेंडू काढतच शिकते. आमच्या मुलांच्या पायाखाली आठवड्यातून चार संध्याकाळी काळी माती असते, पावसाळ्यात बुटांना चिकटणारी आणि मार्चनंतर भेगाळणारी. हा फरक एका प्रशिक्षकाने एका हंगामात भरून काढावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

प्रशिक्षक बदलल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या राष्ट्रीय संघानेच नुकतेच दाखवले आहे. इगोर स्टिमाच यांच्या हाताखाली भारताने 2023 मध्ये दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. जून 2024 मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत कतारकडून 1-2 असा पराभव झाला आणि त्यांना काढण्यात आले. त्यांच्यानंतर आलेल्या मानोलो मार्केझ यांच्या काळात भारत 8 सामन्यांत एकच जिंकला. मग ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील आले, ज्यांनी 2016-17 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकून दिली होती. तरीही ऑक्टोबरात सिंगापूरकडून हरल्यावर 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. भारताकडून सर्वाधिक गोल केलेल्या सुनील छेत्रीनंतर गोल कोण करणार, हा प्रश्न तिन्ही प्रशिक्षकांच्या काळात तोच राहिला, इतका की निवृत्त झालेल्या छेत्रीलाच मार्च 2025 मध्ये परत बोलवावे लागले. याउलट, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला, तेव्हा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. त्यांना संधी मिळत राहिली. त्यांनी संघाची रचना बदलली, आणि 1956 मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला, 1962 मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. आमच्या सरांची तुलना मी रहीम साहेबांशी करत नाही. पण एवढ्या मोठ्या पराभवानंतर संघ सुधारला तो चूक शोधून, हे या प्रसंगात स्पष्ट दिसते, आणि आमच्याकडेही कॉर्नरच्या बाबतीत, उशिरा का होईना, तेच झाले.

केंद्राच्या सेवेबद्दल मला जे म्हणायचे आहे ते अधिक कठोर आहे. तीन महिन्यांचे शुल्क 4,500 रुपये, गणवेश आणि स्पर्धा वेगळ्या. एवढ्या शुल्कात संध्याकाळच्या तुकडीत 38 मुलांमागे एकच प्रशिक्षक आणि 11 चेंडू आहेत, त्यांतल्या तीनांत हवा टिकत नाही. दीड तासाच्या सरावात मूल किती वेळ रांगेत उभे राहते, हे मी दोनदा घड्याळ लावून पाहिले. दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक वेळ रांगेत गेला. सहाय्यक प्रशिक्षक नेमण्याचे आश्वासन गेल्या जूनमध्ये मिळाले होते, तो आलेला नाही. प्रथमोपचाराची पेटी आहे, पण बर्फ शेजारच्या रसवंतीतून आणावा लागतो. पिण्याच्या पाण्याची सोय चांगली आहे, आणि शुल्काची पावती लगेच मिळते, हेही सांगायला हवे. पाचपैकी गुण द्यायचे तर प्रशिक्षकांना मी साडेतीन देईन आणि केंद्राला दोन. सर सकाळी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, दुपारी घरी जेवून पाचला येथे हजर होतात, आणि दोन वर्षांत त्यांचा एकही खाडा माझ्या लक्षात नाही.

पत्रावर निर्णय घेण्यासाठी फेब्रुवारीत पालकसभा झाली. मी वही घेऊन गेले आणि आकडे वाचून दाखवले. कॉर्नरचा विषय निघाल्यावर सरांनी मान्य केले की, त्यांनी ही गोष्ट फार आधी करायला हवी होती. शुल्काच्या नियमामुळे बाकावर दोघेच असतात, यावर व्यवस्थापनाकडे उत्तर नव्हते. सह्या केलेल्यांपैकी काही पालकांनी तेथेच सह्या मागे घेतल्या, काहींनी मुलांना दुसरीकडे घातले. सर राहिले आहेत.

नव्या पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस संध्याकाळी साडेपाचला मैदानावर येऊन उभे राहावे, आपल्या मुलाच्या वयाच्या एखाद्या मुलावर नजर ठेवावी आणि त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो ते मोजावे. माझ्या मुलाचे पुढच्या तीन महिन्यांचे शुल्क मी भरले आहे. त्यासोबत व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे की, स्पर्धेला सगळ्या 18 मुलांना न्यावे, दुसरा प्रशिक्षक नेमावा आणि चेंडू किमान 20 करावेत. दिवाळीपर्यंत यांतले काहीच झाले नाही, तर मी मुलाला काढून घेईन आणि त्याचे कारण म्हणून सरांचे नाव कोठेही येऊ देणार नाही. सरांना मी वहीची एक प्रत दिली. त्यांनी ती तेथेच उघडली, आठव्या सामन्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, हा तिसरा गोल कॉर्नरचा नव्हता, थ्रो-इनचा होता." मी घरी येऊन मुलाला विचारले. सरांचे बरोबर होते. वहीत तो गोल मी दुरुस्त केला असून वर दिलेला 8 हा आकडा त्या दुरुस्तीनंतरचा आहे.