धंदा बुडाला तर घराचं काय? प्रोप्रायटरशिप की प्रायव्हेट लिमिटेड

बहुतेक जण हे टॅक्स आणि सीएच्या फीवरून ठरवतात. मी दोन्ही चालवलंय, आणि मला वाटतं खरा प्रश्न हा आहे की देणी थकली तर वसुलीवाले कुठपर्यंत येऊ शकतात.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं वेगळं आणि घरचं वेगळं असं काही नसतंच, पॅन एक, मालक एक. माल, मशीन विकून भागलं नाही तर कोर्टातून फ्लॅट, एफडी, गाडी सगळ्यावर जप्ती येऊ शकते. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ६० मुळे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं, पीपीएफ अशा काही गोष्टी वाचतात, पण तेवढ्यावर संसार चालतो का?

मला मात्र वैताग आला तो जप्तीच्या कितीतरी आधी. एका पार्टीचं पेमेंट अडकलं, ओव्हरड्राफ्टचं व्याज थकलं, आणि बँकेने थेट माझ्या सेव्हिंग खात्यावर लियन टाकला, म्हणजे थकबाकीपोटी पैसे अडकवून ठेवले. अ‍ॅपमध्ये बॅलन्स दिसतोय आणि खाली अव्हेलेबल शून्य! ब्रँचमध्ये विचारलं तर म्हणे, कस्टमर आयडी एकच आहे ना साहेब. नियमाने त्यांचं बरोबरच होतं, तेच तर डोक्यात गेलं.

कंपनीत तसं होत नाही, खातं कंपनीचं, देणं कंपनीचं. आयबीसी २०१६ (दिवाळखोरीचा कायदा) खाली केस दाखल करून घेतली की कारभार डायरेक्टरांच्या हातून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे त्या केससाठी नेमलेल्या माणसाकडे जातो, शेअर्समधला पैसा बहुतेक बुडतो, पण घर आपोआप त्यात येत नाही. (फसवाफसवी केली असेल तर गोष्ट वेगळी.)

आता कोणी म्हणेल, बँक पर्सनल गॅरंटी (कंपनीने फेडलं नाही तर मी फेडेन अशी सही) घेतेच, मग फरक काय राहिला? मुद्दा बरोबर आहे, १ डिसेंबर २०१९ पासून गॅरंटरवरही आयबीसीत केस होते आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलंय, कंपनीची देणी मिटवायचा प्लॅन मंजूर झाला म्हणून गॅरंटर आपोआप सुटत नाही. पण गॅरंटी जिथे सही केली तेवढ्यापुरतीच ना, माल देणारे, ट्रान्सपोर्टवाले, गाळ्याचं भाडं हे सगळं कंपनीपाशीच थांबतं.

उधारी नसलेलं, एकट्याचं काम असेल तर प्रोप्रायटरशिपही चालेल, उगाच कंप्लायन्सचा ताप कशाला. उधारीवर माल उचलत असाल तर मी तरी कंपनीच करेन. फक्त गॅरंटीच्या कागदावर रकमेची मर्यादा लिहून घ्या, आणि घराचे पेपर मागितले तर आधी स्टॉक-मशिनरीवर भागतंय का ते विचारा.