आत्याच्या कामाचं नाही हे ॲप (पाचपैकी दोन तारे)

बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा, म्हणून नाव शोधायचं कामही दादाने माझ्याच गळ्यात मारलं. हातात जेमतेम बारा दिवस आणि अट एकच, देवीचं संस्कृत नाव हवं. बाळांच्या नावांचं एक ॲप घेतलं. फुकटात नुसती नावं दिसतात, अर्थासाठी १४९ रुपये मोजावे लागतात. मोजले.

देवनागरीत शोधता येतं, हे चांगलं. आणि मी निवडलेली नावं वहिनीच्या फोनवर लगेच दिसायची. रात्री दोन वाजता बाळाला पाजता पाजता ती त्यावर फुल्या मारायची.

अर्थांची मात्र बोंब आहे. दुर्गेच्या नावांत चक्क शर्वरी! शर्वरी म्हणजे रात्र. यांना शर्वाणी म्हणायचं असणार. शर्व म्हणजे शंकर, त्याची बायको शर्वाणी. अन्वितापुढेही ‘देवी’. अन्वित म्हणजे युक्त, त्यात देवी कुठून आली? आणि मला मनातून आवडलेल्या अपर्णापुढे काय, तर ‘पाने नसलेली’. मुलगी आहे की बाभळीचं खोड?

शेवटी माळ्यावरून बाबांचा आपट्यांचा संस्कृत कोश काढला, पुठ्ठा सुटलेला, दोऱ्याने बांधलेला. त्यात अपर्णाखाली कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ काव्यातला श्लोकच दिलाय, पाचव्या सर्गातला २८ वा. आपोआप गळून पडलेल्या पानांवर जगणं ही तपाची परिसीमा, पण पार्वतीने तीही पानं सोडली, म्हणून जाणते लोक तिला अपर्णा म्हणतात. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

वहिनी ऐकून म्हणाली, “ताई, गोष्ट छान आहे, पण माझ्या लेकीला उपाशी नाव नको हं.”

मग त्याच काव्यातली उमा सांगितली. तपाला निघालेल्या लेकीला आई म्हणाली, ‘उ, मा!’ म्हणजे ‘अगं, नको!’ आणि तेच नाव पडलं. वहिनीने बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे ठेवा. आईचा शब्द आहे ना.”

ॲपमध्ये उमापुढे फक्त ‘पार्वती’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘जुने नाव’.

चुका कळवायला फॉर्म आहे. तिन्ही कळवल्या, ‘आभारी आहोत’ असं उत्तरही आलं. बारशाला तीन आठवडे झाले. आज सकाळी पुन्हा उघडून पाहिलं, अपर्णाला अजून पानं नाहीतच.