व्यसनमुक्ती केंद्रात महिना की तीन महिने?

शेजारच्या वहिनींना दिराला दारू सोडवायला केंद्रात ठेवायचंय, पण किती दिवस?

हात थरथरणं, घाम साधारण आठवड्याभरात ओसरतो. तेवढ्याला महिना पुरेसा. पण सात वाजले की पाय गुत्त्याकडे वळतात, ती ओढ महिन्यात जात नाही. अमेरिकेची राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्था ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा उपयोग मर्यादित मानते. मात्र त्यात घरी राहून घेतलेले उपचारही धरतात. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही मुक्काम ३५ दिवसांचा, पुढे पाठपुरावा.

खर्च आणि रजा महिन्यालाच झेपते. तीन महिन्यांत रोजंदारी बुडते.

पहिलीच खेप, नोकरी शाबूत, घरचे सोबत असतील तर महिना, पण नंतरची पाठपुराव्याची फेरी चुकवायची नाही. दोनदा घसरला असेल किंवा घरातच पिणारे असतील, तर तीन महिनेच.