अर्धवट इंजिन पुढे न्यावं की कोऱ्या कास्टिंगपासून सुरुवात करावी?

वाफेच्या लोकोमोटिव्हचं मॉडेल करायचं तर दोन वाटा आहेत: कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं काम हाती घ्यायचं, नाहीतर ड्रॉइंग आणि कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे कच्चे भाग) आणून श्रीगणेशा करायचा.

अर्धवट काम सोपं वाटतं. चासी उभी, चाकं बसलेली, सिलिंडर बोअर झालेले. पण ते दोन-तीन हातांतून गेलं असेल तर एकाने बीए (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे पाडलेले असतात, दुसऱ्याने मेट्रिक, आणि ते एकमेकांत बसत नाहीत. खरी मेख चाकांत असते. दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या-उजव्या क्रँकपिनांमध्ये (चाकावरच्या, रॉड जोडायच्या खुंट्यांमध्ये) ९० अंशांचा कोन ठेवतात आणि जोडलेल्या सगळ्या अ‍ॅक्सलवर तो तंतोतंत सारखा लागतो. एका जोडीत जरासा फरक पडला तरी कपलिंग रॉड (एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) फिरताना अडकतात. म्हणून आधी रॉड चढवून चाकं हाताने फिरवून बघा.

बॉयलरच्या चाचणीचे कागद नसतील, तर मी त्याची किंमत शून्यच धरतो. तांब्याच्या बॉयलरचे सांधे सिल्व्हर सोल्डरचेच (चांदी मिसळलेल्या मजबूत डाकाचे) हवेत. नव्या बॉयलरची चाचणी साधारणपणे कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, पाणी भरून घेतात. ८० पीएसआयसाठी (पौंड प्रति चौरस इंच) १६०. हवेने ती कधीही करू नये, जिवावर बेतेल.

कोऱ्या कास्टिंगला वेळ फार लागतो, पण प्रत्येक माप आपलं असतं.

तरी ड्रॉइंग सोबत मिळालं आणि चाकं मोकळी फिरली, तर मी अर्धवट इंजिनच घेईन. कुणीतरी जीव ओतून हाताने खरवडून सपाट केलेला पोर्ट फेस (सिलिंडरचा, वाफेची भोकं असलेला पृष्ठभाग) गंजत पडलेला मला बघवत नाही.