दिवाडीवरील भाड्याचे घर: बाजार करूनच फेरीत चढावे

जानेवारीत आम्ही फोंड्याचे चौघेजण, त्यात माझी सत्तरीतली आई, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरील एका जुन्या घरात दोन रात्री राहिलो. घर पूर्ण आपल्या ताब्यात मिळते, जेवण मात्र आपले आपण रांधायचे असते. ही व्यवस्था ज्यांना मनापासून आवडते त्यांना हे घर मी निश्चित सुचवीन. पण घरमालकांनी दिलेली माहिती अपुरी होती, आणि बेटावर अपुरी माहिती फार महाग पडते.

दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे येथून फेरीबोटीनेच मांडवी ओलांडावी लागते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि पलीकडे पोहोचायला काही मिनिटेच लागतात. त्यामुळे काही विसरले तर पटकन जाऊन आणू, असे वाटते. प्रत्यक्षात फेरीची वाट पाहणे, उतरून बाजार गाठणे आणि परत येणे यात सकाळ संपते. गावात किराणा मालाची लहान दुकाने आहेत, सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात पाव देऊन जातो. परंतु मनासारखी मासळी, भाजी आणि आईच्या पथ्याचे जिन्नस पणजीच्या बाजारातूनच घेऊन निघावे. रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळही धक्क्यावर आधीच विचारून ठेवावी.

घर देखणे आहे. समोर बसायला ऐसपैस बल्कांव (ओसरी), शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, वर तांबडी कौले. दुपारीसुद्धा आत गारवा राहतो. खोल्या आणि न्हाणीघर स्वच्छ होते, त्याविषयी तक्रार नाही.

स्वयंपाकघराविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण असे घर घेण्याचे कारणच ते असते. शेगडी चांगली होती, पण सिलिंडर पहिल्याच संध्याकाळी संपला आणि दुसरा येईपर्यंत दीड तास गेला. नारळ भरपूर ठेवले होते, पण आदोळी, म्हणजे नारळ खवण्याची विळी, नव्हती. सुरीला धार नव्हती. बांगड्यांच्या हुमणासाठी, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या कालवणासाठी, वाटण करायला घेतले तेव्हा वीज गेली आणि मिक्सर निकामी ठरला. परसात वाटण वाटायचा एक जुना दगडी रगडा होता. तो धुऊन घेऊन आईने सुरीने काढलेले खोबरे आणि मिरच्या त्यावर वाटल्या, वरून तिरफळे घातली, आणि उकड्या तांदळाच्या भाताबरोबर ते हुमण आम्ही बल्कांवात बसून जेवलो. एवढा सुंदर रगडा घरात असूनही त्याचा उल्लेख माहितीत कुठेही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सकाळी खाजन शेतांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतांच्या, बांधावरून अवश्य चालावे. भरती-ओहोटीचे खारे पाणी शेतात किती घ्यायचे हे ठरवणारी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, जवळून पाहता येते, आणि हिवाळ्यात पाणथळीत पक्षी भरपूर असतात. आईसाठी आम्ही नार्वेची फेरी घेऊन सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेलो. कदंब राजांचे हे आराध्य दैवत मूळचे दिवाडीवरचेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, लिंग नदीपलीकडे नेले गेले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाने जी नदी ओलांडली तीच आपण ओलांडत आहोत, हे आईने फेरीत बोलून दाखवले आणि आम्ही सारेच काही वेळ गप्प झालो.

शांतता हवी असेल तर ऑगस्टमधला चौथा शनिवार टाळावा; त्या दिवशी बोंदेरा उत्सवासाठी बेटावर मोठी गर्दी होते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर वाहन घेऊनच फेरीत चढावे, कारण धक्क्यापासून घरापर्यंतचे अंतर त्यांना चालवण्यासारखे नाही.

निघताना आम्ही घरमालकांना आदोळी, धारेची सुरी आणि भरलेला जादा सिलिंडर ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आमच्यासमोरच वहीत लिहून ठेवली.