डोंबिवली पूर्वेचं पोळीभाजी केंद्र : चव, भाव आणि वाचलेला वेळ

फडके रोडच्या जवळच्या एका गल्लीत आहे, बोर्डावर नाव वगैरे काही नाही, नुसतं 'घरगुती पोळीभाजी केंद्र'. आम्ही बरेच महिने रोजचं रात्रीचं जेवण इथून घेतोय, त्यामुळे एकदा नीट लिहावंसं वाटलं.

आधी पोळी. घडीचीच असते, पदर सुटतात, आणि मुख्य म्हणजे रात्री आणलेली पोळी सकाळी डब्यात दिली तरी चामट होत नाही. गरम गरम काय, कुठलीही पोळी बरी लागते, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. १० रुपयाला एक. फुलके आणि ज्वारीची भाकरी फक्त संध्याकाळी. भाज्या रोज चार, एक पालेभाजी आणि एक उसळ नक्की. आमटी चिंचगुळाची, छान. भरल्या वांग्यात मात्र तेल फार असतं, ते सांगून बघितलं पण फरक नाही.

शुक्रवारी वालाचं बिरडं असतं, ते चुकवू नका. ज्यांनी घरी केलंय त्यांना कळेल मी का म्हणतेय. वाल रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा, मोड यायची वाट बघा, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोला. फोडणी टाकल्यावर अर्ध्या तासात बिरडं तयार, पण त्याआधीचा सगळा वेळ कुठे मोजतो आपण? रेसिपीत सरळ लिहितात 'सोललेले वाल दोन वाट्या', जणू ते सोललेलेच उगवतात. घरकामाचं बरंचसं असंच आहे, शेवटचं ताट दिसतं आणि त्यामागचे तास दिसत नाहीत.

आता वेळेचं, कारण माझ्यासाठी हाच मोठा मुद्दा आहे. मी फोर्टला नोकरी करते, नवरा ठाण्याला. फास्ट लोकल मिळाली तरी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, मग कणीक मळा, पोळ्या लाटा, भाजी टाका, ओटा पुसा, की दहा वाजलेच. ऑफिसातून सुटून मी दुसऱ्या ड्युटीवर चढायचे आणि तोच वेळ नवऱ्याचा मोकळा असायचा, बातम्या, मॅच, फोन. तो वाईट माणूस नाही, फक्त आमच्या दोघांपैकी कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे आहे, त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. आणि हे ८८ पण जे करतात त्यांचेच, दिवसभरात काहीतरी घरकाम केलेला पुरुष चारात साधारण एकच निघतो. आकडे वाचून मला धक्का नाही बसला, आमच्याच घरचे वाटले.

केंद्रातून जेवण घ्यायला लागल्यावर स्वयंपाक गेला पण उद्या कुठली भाजी, पोळ्या किती, पाहुणे आहेत का, हे डोक्यात माझ्याच राहिलं. दुपारी व्हॉट्सॲपवर मेन्यू येतो आणि ऑर्डर द्यायला मीच. मग ते सगळंच नवऱ्याकडे दिलं, ऑर्डरही तोच देतो आणि ठाण्याहून लवकर येतो म्हणून पिशवीही तोच आणतो. तुम्ही लावणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा, नाहीतर फायदा अर्धाच होतो. मला आता रात्री पेटी वाजवायला वेळ मिळतो, लग्नानंतर ती माळ्यावरच पडून होती.

कुणी म्हणतं रोजचं विकतचं महाग पडतं. महाग कशाच्या तुलनेत? घरच्या पोळीत बाईच्या कष्टाचे पैसे शून्य धरतो म्हणून ती स्वस्त. गिरणगावात किती बायकांनी गिरणी कामगारांना खानावळीतून जेवू घालून घरं चालवली, १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्या रांधण्याला धंदा म्हणून मान मिळायला लागला. तेच काम, फक्त दाम मिळाला.

इथे लाटणाऱ्या मावशींना पोळीमागे पैसे मिळतात. त्याही इथून घरी जाऊन परत पोळ्याच करतात, हे मला दर वेळी टोचतं. जागा कोंदट आहे, तव्यांच्या धगीत एकच पंखा, मालकांनी एक्झॉस्ट बसवायलाच हवा, त्यासाठी पोळी रुपया दोन रुपयांनी वाढली तरी मी देईन. रविवारी संध्याकाळी बंद असतं, त्यावर लोक कुरकुरतात, पण मला ते योग्य वाटतं, सुट्टी त्यांनाही हवीच की.

पाचात चार स्टार, एक तेलाचा आणि पंख्याचा कापला. डबा घरूनच न्या, नाहीतर पातळ भाजी प्लास्टिकच्या पिशवीत देतात. साडेआठनंतर भाकरी संपते. संकष्टीला उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.